यादीतलं अठरावं घर

मी मिशनमध्ये सेवा करायला गेले ती सूड घ्यायला. फॉर्मवर 'सेवेमागचा हेतू' असा रकाना होता. त्यात मी 'मानवता' लिहिलं, कारण रकाना लहान होता.

सूड शारदाकाकूंवर घ्यायचा होता. शारदाकाकू म्हणजे पंकजची आई, आणि पंकज म्हणजे ज्याच्याशी माझा साखरपुडा झाला होता तो. साखरपुड्याचा अल्बम छापून यायच्या आत माझ्या दंडावर एक फिकट डाग दिसला. तो खाजत नव्हता, दुखत नव्हता, चिमटा काढला तरी गप्प बसत होता. आमच्या घरात इतकं समजूतदार कोणीच नसल्यामुळे आईला संशय आला. स्किनच्या डॉक्टरांनी तापीच्या रस्त्यावरच्या मिशनच्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या मृणालताईंनी तपासलं आणि शांतपणे सांगितलं, कुष्ठरोग. मला वाटायचं हा रोग इतिहासाच्या पुस्तकात असतो, प्लेगच्या शेजारी. तो चालू घडामोडींत निघाला.

रोग बरा झाला, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे पान लांब धरतात. बारा महिने गोळ्या, त्याही फुकट. गोळ्यांनी रंग काळवंडला आणि गोळ्या संपल्यावर परत आला. डाव्या हाताची करंगळी जरा आळशी झाली, बाकी मी अख्खी आहे. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत आपल्यापासून कोणाला लागण होत नाही, हेही मृणालताईंनी घरी येऊन समजावलं. पंकजच्या घरी मी जाऊन सांगू का, असं त्यांनी विचारलं होतं. बाबा म्हणाले, नको, आपणच सांगू, प्रामाणिकपणे. बाबा शाळेत मास्तर आहेत. प्रामाणिकपणा त्यांना वरच्या वर्गांना शिकवावा लागतो.

शारदाकाकूंनी सगळं ऐकून घेतलं. आम्हाला आग्रहाने दुसऱ्यांदा पोहे वाढले. गेटपर्यंत सोडायला आल्या. सिंधीपुऱ्यातून आमच्या इतवाऱ्यापर्यंत स्कूटरवर दहा मिनिटं लागतात. आम्ही घरी पोचलो तेव्हा आमच्या शेजारणीला माहीत होतं. आठवड्याभरात समाजातल्या सगळ्या बायकांना माहीत झालं. आम्हाला मात्र निरोप आला की पंकजला दोन वर्षं लग्नच करायचं नाही. पंकजने मला फोनवर ब्लॉक केलं. ती दोन वर्षं कधीच होऊन गेली, तिसरं चालू आहे.

त्यानंतर लोक मला एका ठरावीक पद्धतीने बघायला लागले. आधी चेहरा, मग हाताची बोटं, मग मी ज्या ग्लासातून पाणी पिते तो ग्लास. चेहऱ्यावर अर्धा सेकंद, बोटांवर तीन, ग्लासावर सगळ्यात जास्त. मला फक्त एवढंच हवं होतं की सिंधीपुऱ्याच्या त्या गल्लीने शारदाकाकूंना तसं बघावं. एकदाच. मी लोभी नाही.

मिशनचं काम तसं साधं असतं. सकाळी जीप निघायच्या आधी प्रार्थना. प्रार्थनेत क्षमेची एक ओळ येते, तिथे मला नेमका खोकला यायचा. मृणालताईंनी दोन महिने वाट बघून मला खोकल्याचं औषध दिलं. त्या जालन्याकडच्या मराठी ख्रिश्चन, नर्स आहेत, पन्नाशीच्या, आणि कुठलंही वाक्य मोठ्याने बोलत नाहीत. मग वस्त्यांमध्ये जायचं. पॉवरलूमवर काम करणाऱ्यांच्या खोल्या, केळीच्या बागांमधल्या मजुरांची पालं, पलीकडचे पाडे. डाग तपासायचे, गोळ्या द्यायच्या. मंगळवारी दवाखान्यातच पायांचं काम. ज्यांच्या तळव्याला काही कळत नाही, त्यांना खिळा रुतला तरी कळत नाही, निखारा लागला तरी कळत नाही. त्यांचे पाय टबात भिजवायचे, घट्टे घासायचे, व्हॅसलिन लावायचं. मी हे मन लावून करायची. सूड घेणाऱ्या माणसाला शिस्त लागते.

माझी संधी यादीच्या रूपाने आली.

आता नवी पद्धत अशी आहे की पेशंटच्या सहवासात राहिलेल्या माणसांना एक डोस आधीच द्यायचा. एकाच वेळी दोन कॅप्सूल, संपलं. त्यासाठी पेशंटला विचारून यादी करतात. आमच्या मिशनने ठरवलं की गेल्या पाच वर्षांतल्या बऱ्या झालेल्या पेशंटच्याही याद्या करायच्या. म्हणजे माझीही. फॉर्मवर लिहिलं होतं, आठवड्याला किमान वीस तास संपर्क, सलग तीन महिने. मी पंकजच्या घराचा हिशोब केला. प्रत्यक्ष भेटी चार, पोह्यांसकट सहा तास. फोनवरचे तास धरले तर चांगले अडीचशे होत होते, पण फोनमधून जंतू जात नाहीत, हा विज्ञानाचा मोठा दोष आहे. मी वीस तास लिहिलं आणि खाली सही केली.

मृणालताईंनी चष्म्यावरून बघितलं. विचारलं, या लोकांशी तुझा एवढा संपर्क होता? मी म्हटलं, साखरपुड्याची तयारी होती, ताई. त्या बरं म्हणाल्या आणि त्यांनी नियम परत एकदा ऐकवला. कोणाच्या यादीवरून आलो ते सांगायचं नाही, आणि कोणाला अंदाज येऊ नये म्हणून आजूबाजूची घरंही घ्यायची. त्या गल्लीत आणखी सतरा घरं होती. अठरावं त्यांचं.

आमच्या जीपवर दोन्ही बाजूंना मोठ्या निळ्या अक्षरांत रोगाचं नाव आणि वर लाल क्रूस आहे. म्हणून ती गल्लीच्या तोंडाशीच उभी करायची पद्धत आहे. ड्रायव्हर लोटूभाऊंना मी सांगितलं की तिथे केळीचे ट्रक वळतात, तुम्ही सरळ आत घ्या, एका घरापुढे चांगली सावली आहे. भरदुपारी बारा वाजता शारदाकाकूंच्या फाटकाला नाक लावून जीप उभी राहिली. इतक्या दिवसांत मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

मग गल्ली बाहेर आली. आणि रांग लावली.

कोणीतरी बातमी पसरवली होती की फुकट औषध वाटतायत. लोक शुगर तपासायला सांगू लागले, चष्म्याचा नंबर विचारू लागले. एका आजोबांनी कुत्र्यासाठी काही मिळेल का ते विचारलं. ज्या घरापुढे जीप उभी, त्या घरानेच शिबीर आणलं असणार, हे गल्लीने आपसांत ठरवून टाकलं. भूपेंद्रकाका, म्हणजे पंकजचे बाबा, यांची केळीची आडत आहे आणि वॉर्डाच्या निवडणुकीवर डोळा आहे. ते बाहेर आले तेव्हा त्यांना काही माहीत नव्हतं. दोन मिनिटांनी लोक आभार मानायला लागल्यावर त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं. त्यांनी रोगाच्या नावाखाली उभं राहून फोटो काढून घेतले. हात जोडलेला एक, हात उंचावलेला एक.

पंकजही आला. मला बघून फोनमध्ये काहीतरी वाचायला लागला. कॅप्सूल माझ्याच हातून घ्यावी लागली तेव्हा म्हणाला, "कशी आहेस?" मी म्हटलं, बरी आहे, वैद्यकीय अर्थाने. शारदाकाकूंनी अंग तपासू दिलं नाही. गॅसवर दूध आहे, मला कुठे काही नाही, असं म्हणून त्यांनी दोन कॅप्सूल घेतल्या, पाण्याशिवाय गिळल्या आणि आत गेल्या.

गल्लीने त्यांच्याकडे बघितलंच नाही. उलट शेजारीण म्हणाली, नशीबवान आहे शारदा, किती समाजसेवी घर.

तेव्हा माझं डोकं फिरलं, आणि मी एक वाक्य गिळलं.

या कॅप्सूलचा एक नियम आहे. ती घेतली की काही तासांनी लघवी लाल होते. घाबरायचं काही नसतं, औषधाचा रंग असतो, दुसऱ्या दिवशी जातो. हे प्रत्येकाला सांगायचंच असतं, आणि त्या दिवशी सांगायचं काम माझ्याकडे होतं. सतरा घरांना मी नीट, दोनदा सांगितलं. अठराव्या घराला म्हटलं, धन्यवाद, काळजी घ्या.

साडेपाच वाजता भूपेंद्रकाका मिशनच्या अंगणात आले. हातात पाण्याची एक लिटरची बाटली होती. त्यात पाणी नव्हतं. मागे हेल्मेट घातलेला पंकज, त्याने ते शेवटपर्यंत काढलं नाही. त्याच्या मागे शारदाकाकू, पदर डोक्यावर. काकांनी बाटली मृणालताईंच्या टेबलावर ठेवली. उन्हात ती खरंच सुंदर दिसत होती, लग्नातल्या सरबतासारखी.

ते बराच वेळ बोलत होते. त्यांचं म्हणणं असं की मिशनने त्यांना धर्म बदलायची गोळी दिली आहे आणि बदल खालून सुरू झाला आहे. शेजारच्याला फोन केला तर तो म्हणाला, हो, आम्हालाही होतंय, सांगितलं होतं ना. म्हणजे सतरा घरांना सांगितलं आणि आम्हालाच नाही, यामागे कट आहे. आता ते पोलीस ठाण्यात चालले होते, बाटलीसकट. तोंडावर सांगून जावं म्हणून आधी इथे आले.

मृणालताईंनी समजावलं, औषधाचा रंग आहे. मग माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग म्हणाल्या, सांगायचं राहिलं, चूक माझी आहे.

टेबलाखाली त्यांनी कपाटाच्या किल्ल्या घट्ट धरल्या होत्या, मी बाजूला उभी होते, मला दिसलं. ठाण्यात असा कागद गेला की चौकशी लागते, चौकशी लागली की कपाटांना सील लागतं. मग मंगळवारी येणाऱ्या रंभाबाईंच्या पायाचं ड्रेसिंग कोण करणार आणि पाड्यांवरच्या लोकांच्या गोळ्या कोण पोचवणार, हे ठाण्यात कोणी विचारत नाही. मी सूड घ्यायला निघाले होते आणि तो दुसऱ्याच बाईच्या डोक्यावर पडत होता. मला वाईट वाटलं. नेम इतका चुकल्याचं जास्त.

काका बाटली उचलून वळले. तेव्हा शारदाकाकू पहिल्यांदा बोलल्या. कंटाळलेल्या आवाजात, भाजीवाल्याशी बोलावं तशा.

"चला घरी आता. महिन्यातून एकदाच होतं ते. उद्या दुपारपर्यंत साफ."

काकांनी विचारलं, तुला काय माहीत?

शारदाकाकूंचा चेहरा मी नीट बघितला. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि आणखी एक पायरी निघावी, तसा झाला होता. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "हो काकू, सांगा ना. आम्ही तर कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काकांच्या हातातल्या बाटलीकडे.

"लग्नाआधी टीबी झाला होता मला," त्या म्हणाल्या. "नेपानगरला होतो तेव्हा. बाबांनी तुमच्याकडे सांगू नाही दिलं."

भूपेंद्रकाका बाकावर बसले. बाटली दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून बसले. अठ्ठावीस वर्षांचा संसार ते मनातल्या मनात उलटा मोजत असावेत, कारण ओठ हलत होते. पंकज हेल्मेटमधून "मम्मी, टीबी?" असं काहीतरी म्हणाला. मग काका उठले आणि ठाण्याकडे न जाता घराकडे गेले. ठाण्यात गेलं असतं तर आधी बायकोचं सांगावं लागलं असतं. बाटली बाकावरच राहिली. ती मला रिकामी करावी लागली, यालाही न्याय म्हणता येईल.

टीबीतही हेच औषध असतं, हे खरं आहे. पण टीबीत ते रोज घ्यावं लागतं, महिनोन्‌महिने. रंग रोजच लाल. महिन्यातून एकदा, पहिल्या तारखेला, कोणाच्या तरी समोर गिळायचं, ते फक्त आमच्या रोगात. तेव्हा महिन्यातून एकदाच घाबरायला होतं.

म्हणजे शारदाकाकूंना कुष्ठरोग होता. त्या बऱ्या झाल्या होत्या, लपवून लग्न केलं होतं, आणि तरीही आम्हाला दुसऱ्यांदा पोहे वाढून दहा मिनिटांत माझं आयुष्य गल्लोगल्ली वाटलं होतं. सगळ्या जगात एक बाई अशी होती जिला माझं कळायला हवं होतं, आणि तिला कळलं होतंच. म्हणून तर तिने घाई केली.

मृणालताईंनाही समजलं होतं. त्या रजिस्टर बंद करत म्हणाल्या, दवाखान्यात ऐकलेलं दवाखान्यात राहतं. मी म्हटलं, अंगणात ऐकलं, ताई. त्या म्हणाल्या, अंगणही दवाखान्याचंच आहे.

मी कोणाला सांगितलं नाही. यात क्षमा वगैरे काही नव्हतं. ती वस्तू अशी होती की एकदा वापरली की संपली असती, आणि मला ती पुरवून वापरायची होती.

पुढच्या मंगळवारी शारदाकाकू एकट्या आल्या. ऑटो लांब सोडून चालत. मी रंभाबाईंचे पाय टबात भिजवत होते. रंभाबाई केळीच्या बागेत मजुरी करायच्या, आता तळव्याला जखम आहे म्हणून बसून असतात आणि सगळ्यांवर मत देतात. काकूंनी मला बाजूला बोलावलं आणि विचारलं, कोणाला बोललीस का बेटा?

"अजून नाही," मी म्हटलं.

मी आयुष्यात इतकं परिणामकारक 'अजून' कधी वापरलं नव्हतं. त्या भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, तुला काय पाहिजे ते सांग. मी म्हटलं, आज माणसं कमी आहेत, काकू, दुसरा टब भरा.

त्यांनी भरला. पहिल्या दिवशी पाय दोन बोटांनी उचलत होत्या, गरम पातेलं उचलावं तसा. दुसऱ्या मंगळवारी मी जीप पाठवली, थेट फाटकापाशी. नको म्हणण्यासारखी त्यांची परिस्थिती नव्हती. तेव्हापासून दर मंगळवारी साडेअकराला त्या गल्लीतून शारदाकाकू रोगाचं नाव लिहिलेल्या जीपमध्ये चढायच्या. मला हवं होतं ते अगदी तसंच घडत होतं, फक्त गल्ली चुकीचं बघत होती. भूपेंद्रकाका आडतीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, आमची मिसेस गोरगरिबांची सेवा करून राहिली. निवडणूक जवळ होती. टीबीचा विषय त्यांनी घरातल्या घरात सोडून दिला होता.

आणखी वाईट म्हणजे काकूंचा हात चांगला होता. घट्टा कुठपर्यंत घासायचा, कुठे थांबायचं, त्यांना न सांगता कळायचं. चौथ्या मंगळवारी रंभाबाई माझ्यादेखत म्हणाल्या, या बाईचा हात हलका आहे, हिमानीपेक्षा बरा. हिमानी म्हणजे मी. त्याच दिवशी एका पायाला व्हॅसलिन लावता लावता, मान वर न करता, काकूंनी मला सांगितलं की पंकज अजून तसाच आहे, मी मनावर घेतलं तर या दिवाळीनंतर उरकून टाकू.

मला सून करून घ्यायला निघाल्या होत्या, तोंड बंद ठेवायला. घरातल्या घरात, दोघींची दोन तोंडं, एक झाकण.

मी म्हटलं, तो आधीपासून तसाच आहे काकू, तीच तर अडचण होती. पण नाही म्हटलं नाही. विचार करून सांगते म्हटलं. त्या दर मंगळवारी विचारायच्या, झाला का विचार? मी म्हणायचे, चालू आहे. त्यांचं वजन उतरायला लागलं. माझं वाढलं.

बाराव्या आठवड्यात समाजाच्या महिला मंडळाने शारदाकाकूंचा सत्कार ठेवला.

इतवाऱ्यातल्या समाजाच्या हॉलमध्ये. फ्लेक्सवर काकूंचा फोटो, खाली 'दुखियों की माता'. ज्या बायकांना काकूंनी माझं सांगितलं होतं त्या सगळ्या पहिल्या चार रांगांत होत्या. काकूंना शाल दिली, श्रीफळ दिलं. भूपेंद्रकाका इतक्या वेळा उभे राहिले की एका बाईला वाटलं सत्कार त्यांचाच आहे. मृणालताई आल्या नव्हत्या, मंगळवार नसला तरी दवाखाना होता. मिशनच्या वतीने दोन शब्द बोलायला मला बोलावलं.

मी माईक घेतला. म्हटलं, मला कुष्ठरोग होता. आता नाही. तुमच्यातल्या बहुतेकींना हे माहीत आहे, कोणी सांगितलं तेही माहीत आहे. काकूंनी शाल घट्ट धरली. माझ्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं, सहा-सात शब्दांचं, बारा आठवडे घोटून गुळगुळीत केलेलं.

मी ते बोलले नाही. मला त्याहून चांगलं सुचलं. म्हटलं, ही तपासणी किती सोपी असते ते दाखवते. काकू, या ना जरा.

नाही कसं म्हणणार? दोनशे बायका टाळ्या वाजवत होत्या. दीपप्रज्वलनाच्या ताटात कापसाची एक कोरडी वात उरली होती, ती मी घेतली. काकू नेहमी कोपराखालपर्यंत बाही घालतात, उन्हाळ्यातसुद्धा. मी उजव्या हाताची बाही वर केली. तो तिथे होता. फिकट, पुरीएवढा, कडा पुसट झालेल्या. त्यावर दोन जुने भाजल्याचे वण. काकूंना मी असं उभं केलं की तो फक्त मला दिसावा. ही मेहेरबानी नव्हती. मला वाटेकरी नको होते.

माईकवर समजावलं, डोळे मिटायचे. मी वातीने हाताला हळूच स्पर्श करणार, जिथे स्पर्श जाणवेल तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं. एवढंच. चुकलं तर डॉक्टरला दाखवायचं.

काकूंनी डोळे मिटले. मी वात त्यांच्या हातापासून वीतभर वर धरली आणि म्हटलं, आता.

त्यांनी डागावर मधोमध बोट ठेवलं.

टाळ्या. मी वात हवेतच ठेवली. म्हटलं, आता. त्यांनी जरा खाली बोट ठेवलं. पुन्हा टाळ्या. आता. मनगटाजवळ. आता. परत डागावर, कडेला. त्यांच्या पापण्या इतक्या घट्ट मिटल्या होत्या की गाल थरथरत होते. मला माहीत होतं आत काय चाललंय. माझ्या पहिल्या तपासणीत मीही असंच केलं होतं. काही कळत नव्हतं, पण सगळं बरोबर सांगितलं तर घरी पाठवतील असं वाटलं होतं, म्हणून नुसत्या अंदाजाने बोट ठेवत सुटले होते. मृणालताईंनी मला तिसऱ्या वेळी थांबवलं होतं आणि बोट हातात धरलं होतं.

मी शारदाकाकूंना सातव्यापर्यंत जाऊ दिलं. वात एकदाही टेकवली नाही. प्रत्येक वेळी बोट ठेवलं की त्या किंचित मान वर करायच्या, शाळेत उत्तर दिल्यावर मुलं करतात तशी, आणि हॉल टाळ्या वाजवायचा. त्या हॉलमध्ये त्यांच्या हाताकडे तसं बघणारी मी एकटीच होते.

मग त्यांनी डोळे उघडले. वात कुठे आहे ते त्यांना दिसलं.

"सगळं बरोबर आलं ना?" त्यांनी विचारलं. फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू.

मी माईक तोंडाजवळ नेला. दोनशे बायका माझ्याकडे बघत होत्या. भूपेंद्रकाका पुन्हा उभे राहिले होते. मी म्हटलं, काकूंनी छान करून दाखवलं, उद्यापासून ज्यांना तपासायचं त्यांनी दवाखान्यात यावं. मग माईक खाली धरला आणि काकूंच्या कानाशी म्हटलं, "मी हात लावलाच नव्हता, काकू."

त्यांना रागही आला नाही. त्यांनी स्वतःच डाव्या हाताचं नख डागावर दाबलं, जोरात, चंद्रकोर उमटेपर्यंत, आणि तिकडे बघत राहिल्या. हे त्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं नसावं, किंवा रोज केलं असावं.

"परत येतं का इथलं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. हे खरं होतं, त्यामुळे सांगायला काहीच कष्ट पडले नाहीत. "या हाताने तवा धरत जाऊ नका."

त्यांनी बाही खाली ओढली आणि मान हलवली, पेशंट हलवतात तशी. मग अध्यक्षबाईंनी फोटोसाठी आम्हाला जवळ उभं केलं, आणि काकूंनी तोच हात माझ्या खांद्यावर ठेवला. मी तो काढला नाही. फोटोवाला म्हणाला, थोडं हसा. काकू हसल्या. माझ्या खांद्याला त्यांची बोटं कळत होती.